व्हिक्टोरिया सरोवरातील सामूहिक मत्स्यमृत्यू

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात अल्पकाळात आणि मर्यादित भागात मोठ्या संख्येने मासे मरून पाण्यावर तरंगू लागण्याच्या घटना वेळोवेळी घडतात. या घटनांना सामूहिक मत्स्यमृत्यू असे म्हणतात. १९८० च्या दशकापासून अशा घटनांचा शास्त्रीय अभ्यास होत आहे. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण एकाएकी घटणे हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. सरोवराच्या तळाशी साचलेले प्राणवायूरहित पाणी वारा किंवा वादळामुळे वर येणे, शैवालाचा बहर कुजणे, जलपर्णीचे आच्छादन आणि सांडपाणी या सर्वांचा शेवट बहुधा प्राणवायूच्या तुटवड्यात होतो. विषप्रयोग, शैवालजन्य विषे आणि रोग ही त्यांखेरीज संभाव्य कारणे आहेत.

मेलेले मासे पाहून कारण ओळखता येत नाही. निरनिराळ्या कारणांमुळे घडलेले मत्स्यमृत्यू वरवर सारखेच दिसतात. मात्र त्यांवरचे उपाय आणि लोकांच्या आरोग्याला असणारा धोका वेगवेगळा असतो. त्यामुळे कारणनिश्चिती हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

## पार्श्वभूमी

व्हिक्टोरिया हे आफ्रिकेतील सर्वांत मोठे आणि क्षेत्रफळाच्या दृष्टीने जगातील दुसऱ्या क्रमांकाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर असून ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३५ मीटर उंचीवर आहे. सरोवराचा साधारण निम्मा भाग टांझानियात, सुमारे ६ टक्के केनियात आणि उर्वरित युगांडात येतो. किसुमू, कंपाला, जिंजा, एंटेबे आणि म्वांझा ही शहरे त्याच्या काठावर किंवा काठानजीक वसलेली आहेत. सरोवराच्या खोऱ्यात चार कोटींहून अधिक लोक राहतात आणि येथून दरवर्षी सुमारे दहा लाख टन मासे पकडले जातात.

विस्ताराच्या मानाने हे सरोवर उथळ आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ४० मीटर आणि कमाल खोली सुमारे ८० मीटर आहे. शेजारची टांगानिका आणि मलावी ही सरोवरे भूखचदरीत तयार झाली असल्याने शेकडो मीटर खोल आहेत. व्हिक्टोरिया मात्र खचदरीच्या दोन शाखांमधील पसरट खोलगट भागात निर्माण झाले आहे.

सरोवराला मिळणाऱ्या पाण्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाणी थेट पृष्ठभागावर पडणाऱ्या पावसाचे असते. कागेरा ही त्याला मिळणारी सर्वांत मोठी नदी आहे. जिंजा येथून निघणारी श्वेत नाईल हा त्याचा एकमेव बहिर्वाह असून बहुतांश पाणी बाष्पीभवनानेच कमी होते. बाष्पीभवनात पाणी निघून जाते, पण त्यात मिसळलेली द्रव्ये मागे राहतात. त्यामुळे सरोवरात शिरलेली पोषकद्रव्ये व प्रदूषके दीर्घकाळ तेथेच फिरत राहतात.

किनारा अतिशय दंतुर असल्याने सरोवराला अनेक आखाते आणि उपसागर लाभले आहेत. केनियातील न्यान्झा आखात, ज्याला विनाम आखात असेही म्हणतात, सुमारे १,४०० चौरस किलोमीटरचे असून बरेच उथळ आहे. एका अरुंद सामुद्रधुनीसारख्या मार्गाने ते मुख्य सरोवराशी जोडलेले आहे. मत्स्यमृत्यूंच्या अनेक नोंदी याच आखातातील आहेत. कंपाला शहरालगतचा मर्चिसन उपसागर हाही असाच काहीसा बंदिस्त जलभाग आहे.

## प्राणवायू आणि पाण्याचे थर

मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. पाणी जितके उष्ण आणि ठिकाण जितके उंच, तितका कमी प्राणवायू पाण्यात सामावतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात समुद्रसपाटीला एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. व्हिक्टोरियाच्या उंचीवर हेच प्रमाण सुमारे ७.२ मिलिग्रॅम असते. बहुतेक माशांसाठी लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू धोकादायक असतो. म्हणजे येथील माशांच्या वाट्याला येणारी सुरक्षित मर्यादा मुळातच तुटपुंजी आहे.

सूर्याच्या उष्णतेने पृष्ठभागाचे पाणी तापून हलके होते आणि तळाच्या थंड, जड पाण्यावर एखाद्या झाकणासारखे राहते. याला तापीय स्तरीकरण म्हणतात. व्हिक्टोरियात वरच्या व खालच्या पाण्याच्या तापमानात बहुधा एक-दोन अंशांचाच फरक असतो. मात्र उष्ण पाण्याची घनता तापमानातील अल्प बदलानेही लक्षणीय बदलत असल्याने एवढा फरकही पाणी मिसळू न देण्यास पुरेसा ठरतो. हवेतून मिळणारा आणि शैवालाने तयार केलेला प्राणवायू वरच्या थरातच राहतो. तळाशी मात्र वरून पडणारे मृत शैवाल कुजविणारे सूक्ष्मजीव असलेला प्राणवायू वापरून टाकतात.

सरोवराचे वार्षिक चक्र पुढीलप्रमाणे असते:

- सप्टेंबर ते डिसेंबर: पाणी तापू लागते व थर तयार होतात.
- जानेवारी ते एप्रिल: थर सर्वांत पक्के असतात आणि तळाचा प्राणवायू संपत जातो.
- मे ते ऑगस्ट: आग्नेयेकडील व्यापारी वारे आणि बाष्पीभवनामुळे होणारी थंडाई यांमुळे पाणी ढवळते. साधारण जून-जुलैमध्ये ते तळापर्यंत मिसळते आणि तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो.

प्राणवायू संपलेल्या तळाच्या पाण्यात अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांसारखी माशांना अपायकारक द्रव्येही साठू शकतात. असे पाणी वर आले, तर माशांवर दुहेरी आघात होतो.

## सुपोषण

नत्र व फॉस्फरस ही पोषकद्रव्ये वाजवीपेक्षा जास्त झाल्याने जलाशयात शैवालाची अतोनात वाढ होते. या प्रक्रियेस सुपोषण किंवा युट्रोफिकेशन म्हणतात. विसाव्या शतकात व्हिक्टोरिया सरोवर या प्रक्रियेतून गेले आणि अलीकडच्या मत्स्यमृत्यूंचे मूळ तिच्यात शोधले जाते.

ब्रिटिश जलशास्त्रज्ञ जॅक टॅलिंग यांनी १९६०–६१ मध्ये सरोवराच्या निरनिराळ्या खोलींवरील प्राणवायूची मोजणी केली होती. कॅनेडियन शास्त्रज्ञ रॉबर्ट हेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०–९१ मधील मोजणीशी तिची तुलना करून १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी प्राणवायूची तीव्र कमतरता सर्वांत खोल भागापुरती व काही काळापुरती असे. तीस वर्षांनंतर ती अधिक काळ टिकू लागली होती आणि सरोवरतळाच्या निम्म्यापर्यंत क्षेत्र तिच्या कक्षेत येऊ लागले होते. याच काळात शैवालाचे उत्पादन साधारण दुप्पट झाले, पाण्याची पारदर्शकता घटली आणि सिलिकायुक्त डायटम शैवालांच्या जागी नील-हरित शैवालांचे प्राबल्य आले.

डर्क फेर्श्युरेन आणि सहकाऱ्यांनी तळातील गाळाच्या थरांचा अभ्यास करून २००२ मध्ये या बदलांचा कालक्रम मांडला. त्यानुसार शैवालाची वाढ १९३० च्या दशकापासूनच सुरू झाली होती आणि ती खोऱ्यातील लोकसंख्यावाढ व शेतीविस्ताराशी जुळणारी होती. खोल पाण्यातील प्राणवायूचा ऱ्हास १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला.

पोषकद्रव्ये सरोवरात अनेक मार्गांनी येतात. जंगलतोडीनंतर शेतांतून वाहून येणारी माती, शहरांचे सांडपाणी आणि उद्योगांचे उत्सर्ग हे परिचित मार्ग आहेत. परंतु एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागावर हवेतून पडणारी धूळ आणि गवत, पालापाचोळा व लाकूड जाळल्याने उडणारी राख यांचाही फॉस्फरसच्या भरणीत मोठा वाटा असल्याचे आढळले आहे. याशिवाय काही नील-हरित शैवाले हवेतील नत्र स्थिर करून स्वतःच पाण्यातील नत्र वाढवितात. त्यामुळे केवळ एखाद्या शहराचे किंवा कारखान्याचे पाणी रोखून हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही.

## संभाव्य कारणे

### तळाचे पाणी वर येणे

दीर्घकाळ एका दिशेने वाहणारा वारा पृष्ठभागाचे पाणी एका काठाकडे ढकलतो. त्यामुळे पाण्याचे थर कलतात आणि विरुद्ध काठाशी तळाचे पाणी वर सरकते. वारा थांबल्यावर कललेले थर झोपाळ्याप्रमाणे मागेपुढे हेलकावे घेतात. या आंतरिक लाटांमुळेही प्राणवायूरहित पाणी किनाऱ्याजवळील उथळ भागात शिरू शकते. जोरदार वादळात संपूर्ण जलस्तंभ ढवळून निघतो, तळाचा सेंद्रिय गाळ वर येतो आणि तो कुजताना उरलासुरला प्राणवायू झपाट्याने संपतो.

या कारणाचे वैशिष्ट्य असे, की त्यासाठी घटनेच्या दिवशी कोणी काही सांडलेले असण्याची गरज नसते. धोका महिनोन्‌महिने तळाशी साठत जातो आणि वादळ केवळ निमित्त ठरते. मात्र वादळ नैसर्गिक असले, तरी तळाशी साठलेल्या प्राणवायूरहित पाण्याचे वाढते प्रमाण हे बऱ्याच अंशी मानवनिर्मित सुपोषणाचे फळ आहे.

### शैवालाचा बहर

दिवसा प्रकाशसंश्लेषण करणारे शैवाल पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही श्वसनासाठी प्राणवायू वापरते. दाट बहर असलेल्या आखातात त्यामुळे दुपारी प्राणवायू भरपूर असतो आणि पहाटे तो नीचांकाला पोहोचतो. ढगाळ व वारा नसलेल्या दिवसांनंतर ही घट अधिक तीव्र होते. बहर एकदम मरून कुजू लागल्यास पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपुष्टात येऊ शकतो.

मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाच्या काही वाणांपासून मायक्रोसिस्टिन नावाची यकृतास घातक विषे तयार होतात. न्यान्झा आखात आणि मर्चिसन उपसागरात हे शैवाल आढळते. ही विषे माशांना दुर्बल करू शकतात, तसेच ते पाणी पिणाऱ्या माणसांना व गुरांनाही त्यांपासून धोका असतो. दाट बहराचे चिकट तंतू व गोळे कल्ल्यांत अडकूनही माशांचे श्वसन बिघडते.

### जलपर्णी

दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि महाराष्ट्रातील नद्या-तलावांतही उपद्रवी ठरलेली जलपर्णी व्हिक्टोरियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस आढळली. १९९८ च्या सुमारास तिचा प्रसार कळसास पोहोचला. न्यान्झा आखातात तर बंदरे व मासेमारीचे धक्के बंद पडले. नंतर निओकेटिना प्रजातीचे सोंडे किडे सोडणे, यंत्रांनी ती काढणे आणि हवामानातील बदल यांमुळे तिचे प्रमाण घटले. मात्र अनुकूल काळात ती पुनःपुन्हा वाढते.

जलपर्णीचे जाड आच्छादन प्रकाश अडविते, त्यामुळे खालच्या पाण्यात प्रकाशसंश्लेषण होत नाही. वाऱ्याने पृष्ठभाग ढवळून हवेतील प्राणवायू मिसळण्याची क्रियाही मंदावते. वनस्पती मरून तळाशी बसल्यावर कुजण्यासाठी पुन्हा प्राणवायूच खर्च होतो. वाऱ्याबरोबर सरकणारे हे थवे एखाद्या खाडीत अडकले, तर तेथील मासे कोंडले जातात.

### सांडपाणी व औद्योगिक उत्सर्ग

प्रक्रिया न केलेल्या किंवा अपुरी प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. कंपाला शहराचे पुष्कळसे सांडपाणी नाकिवुबो नाल्यातून मर्चिसन उपसागरात येते. नाल्याच्या मुखाशी असलेली दलदल पूर्वी त्यातील बरीच घाण गाळून घेत असे, परंतु शेती व वस्तीमुळे तिचा संकोच झाला. साखर व कागदनिर्मिती, मद्य आणि मत्स्यप्रक्रिया उद्योगांचे उत्सर्गही अशाच प्रकारचे असतात. जोराच्या पहिल्या पावसात साचलेली घाण एकदम वाहून आल्यास नदीमुखाशी प्राणवायू झपाट्याने घटतो. अशा घटना सहसा स्थानिक असतात. मेलेल्या माशांची रांग उगमाच्या दिशेने शोधता येते.

### विषप्रयोग

मासे पकडण्यासाठी पाण्यात कीटकनाशके टाकण्याचा बेकायदा प्रकार सरोवरात घडलेला आहे. अशा माशांच्या निर्यातीच्या भीतीने युरोपीय संघाने १९९९ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा येथून येणाऱ्या माशांवर बंदी घातली होती. तिचा मासेमारी आणि प्रक्रिया उद्योगातील रोजगारावर मोठा परिणाम झाला. सुरक्षिततेची तपासणी सुधारल्यावर बंदी टप्प्याटप्प्याने उठली. या इतिहासामुळे कोठेही मेलेले मासे दिसताच विषप्रयोगाचा संशय प्रथम व्यक्त होतो.

शेतीतील कीटकनाशके पावसाबरोबर वाहून येणे हे दुसरे संभाव्य कारण आहे. विषाचा परिणाम सहसा टाकलेल्या जागेभोवती मर्यादित राहतो आणि त्यात माशांबरोबर लहान झिंगे व जलकीटकही मरतात.

### रोग

जिवाणूजन्य आणि परजीवीजन्य रोग प्रामुख्याने दाटीने ठेवलेल्या माशांत बळावतात. टिलापिया लेक व्हायरस हा विषाणू इस्रायलमधील मत्स्यमृत्यूंच्या अभ्यासातून २०१४ मध्ये ओळखला गेला. व्हिक्टोरियातील पाळीव आणि मुक्त टिलापियांतही तो आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र माशात विषाणू आढळणे म्हणजे तोच मृत्यूचे कारण असणे नव्हे. रोगाने होणारे मृत्यू सहसा दिवसेंदिवस वाढत जातात आणि एकाच प्रजातीत किंवा वयोगटात अधिक असतात. एका रात्रीत अनेक किलोमीटरवरील मासे मरणे हे रोगाचे लक्षण नाही.

### पिंजऱ्यांतील मत्स्यपालन

एकविसाव्या शतकात, विशेषतः २०१० नंतर, सरोवरात जाळीदार पिंजऱ्यांत नाईल टिलापिया वाढविण्याचा व्यवसाय वेगाने वाढला. मुक्त मासा प्राणवायू कमी होताच दुसरीकडे जाऊ शकतो. पिंजऱ्यातील मासा तसे करू शकत नाही. उथळ व संथ पाण्यात पिंजऱ्यांची दाटी झाली, तर उरलेले खाद्य आणि विष्ठा खाली साचून तळाचा प्राणवायू आणखी घटतो. अशा प्रकारे पिंजरे हे मत्स्यमृत्यूचे बळी असतात, तसेच काही अंशी त्याचे कारणही ठरतात.

## प्रजातींनुसार सहनशक्ती

कोणत्या प्रजातीचे मासे मेले, यावरून कारणाचा महत्त्वाचा सुगावा लागतो. नाईल पर्च हा १९५० व १९६० च्या दशकांत सरोवरात सोडलेला शिकारी मासा आहे. केनियात त्याला म्बुता, तर टांझानियात संगारा म्हणतात. तो दोन मीटरपर्यंत लांब वाढू शकतो आणि त्याला भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. प्राणवायू घटताच सर्वप्रथम त्याच्यावर, त्यातही मोठ्या माशांवर, परिणाम होतो.

नाईल टिलापिया कमी प्राणवायूत तुलनेने अधिक काळ तग धरतो. महाराष्ट्रात, विशेषतः उजनी जलाशयाच्या परिसरात, टिलापिया गटातील मासे ‘चिलापी’ या नावाने परिचित आहेत. आफ्रिकी मांगूर, जो भारतात ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जातो, तो आणि फुप्फुसमासा हे दोघे पृष्ठभागावर येऊन हवेतून थेट प्राणवायू घेऊ शकतात. त्यामुळे केवळ मोठे नाईल पर्च मेले आणि त्याच जागी मांगूर व फुप्फुसमासे जिवंत राहिले, तर प्राणवायूची कमतरता हे कारण अधिक संभवते. सर्वच प्रजाती एकाच वेळी मेल्या असतील, तर विषाची शक्यताही तपासावी लागते.

## प्रमुख घटना

१९८० च्या दशकात न्यान्झा आखातात मोठ्या प्रमाणावर मासे मेले. केनियन शास्त्रज्ञ पीटर ओचुंबा यांनी त्यांवरील अभ्यास १९९० मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्राणवायूची कमतरता आणि शैवालाचे बहर यांच्याशी या मृत्यूंचा संबंध त्यांनी जोडला. तोवर नाईल पर्चची संख्या अफाट वाढली होती आणि शेकडो स्थानिक हॅप्लोक्रोमाइन प्रजाती विरळ किंवा नष्ट झाल्या होत्या.

मे २०२० मध्ये अतिवृष्टीमुळे सरोवराची पातळी जिंजा येथील मापकावर १३.४२ मीटरपर्यंत चढली. १९६४ चा १३.४१ मीटरचा उच्चांक त्यामुळे मोडला. काठच्या दलदली व शेते बुडाली आणि वनस्पतींची तरंगती बेटे सुटून वाहू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस व जानेवारी २०२१ मध्ये युगांडाच्या हद्दीत व्हिक्टोरियासह क्योगा सरोवर आणि नाईल नदीत मासे मेलेले आढळले. त्यांत नाईल पर्चचे प्रमाण प्रकर्षाने अधिक होते. विषप्रयोगाची चर्चा सुरू झाली. परंतु युगांडाच्या कृषी, पशुउद्योग व मत्स्यव्यवसाय मंत्रालयाने प्राथमिक तपासणीनंतर वादळांमुळे पाण्याचे थर मिसळून प्राणवायू घटल्याचे कारण दिले.

२०२२ च्या अखेरीस केनियात किसुमू परिसरातील पिंजऱ्यांत वाढविलेले टिलापिया मोठ्या संख्येने मेले आणि अनेक मत्स्यपालकांचे भांडवल एका फटक्यात बुडाले. या घटनेतही पाण्यातील प्राणवायूची घट हेच कारण पुढे आले.

## कारणनिश्चिती

उष्ण हवामानात मेलेला मासा काही तासांतच कुजू लागतो, वाऱ्याबरोबर पाण्याचे थर बदलतात आणि प्राणवायूही पुन्हा पूर्ववत होऊ शकतो. दुपारी घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू पुरेसा आढळला, तरी पहाटे तो कमी नव्हता असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यामुळे तपास शक्य तितक्या लवकर सुरू करणे आवश्यक असते. तपासात सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात:

- प्राणवायू व तापमान: पृष्ठभागापासून तळापर्यंत ठरावीक अंतराने, शक्यतो पहाटे केलेली मोजणी.
- माशांचे वर्तन: मृत्यूपूर्वी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर ते प्राणवायूच्या कमतरतेचे लक्षण असते. वेडेवाकडे पोहणे व झटके येणे हे विषाकडे निर्देश करते.
- आकार व प्रजाती: प्राणवायूच्या तुटवड्यात मोठे मासे आधी मरतात, कीटकनाशकामुळे बहुधा लहान मासे आधी मरतात.
- इतर जीव: झिंगे, जलकीटक, पक्षी यांच्यावरील परिणाम.
- काळ: एका रात्रीत सर्व मृत्यू, की अनेक दिवस चालू राहिलेले मृत्यू.
- हवामान: आधीच्या काही दिवसांतील वादळ, वाऱ्याची दिशा, पाऊस आणि ढगाळपणा.
- प्रयोगशाळेतील चाचण्या: कल्ले, यकृत व स्नायूंचे नमुने, तसेच पाण्यातील कीटकनाशके, अमोनिया आणि शैवालजन्य विषे.

एकापेक्षा अधिक कारणे एकत्र येणे हेही सामान्य आहे. अमोनियाने कल्ले दुखावलेला किंवा परजीवींनी ग्रासलेला मासा प्राणवायूच्या अशा पातळीवर मरतो, जी निरोगी माशाने सहन केली असती.

## परिणाम

सरोवराकाठच्या कुटुंबांसाठी मासा हे अन्न आणि रोख उत्पन्न दोन्ही आहे. नाईल पर्च मुख्यतः प्रक्रिया होऊन निर्यात होतो. केनियात ओमेना, टांझानियात दागा आणि युगांडात मुकेने म्हणून ओळखला जाणारा लहान चंदेरी मासा वाळवून स्थानिक बाजारात विकला जातो. मत्स्यमृत्यूच्या बातमीने ग्राहक सर्वच मासे घेण्याचे टाळतात. त्यामुळे मृत्यू न झालेल्या भागातील मच्छीमारांचेही नुकसान होते.

आरोग्याच्या दृष्टीने मृत्यूचे कारण कळण्यापूर्वी तरंगणारे मासे गोळा करून खाणे किंवा विकणे धोक्याचे असते. प्राणवायूअभावी मेलेल्या माशात विष नसले, तरी तो केव्हा मेला हे ठाऊक नसल्याने कुजण्याचा धोका राहतो. जनावरांना किंवा कोंबड्यांना असे मासे खाद्य म्हणून देण्याबाबतही तीच सावधगिरी लागते. मेलेले मासे पाण्यातच राहिल्यास ते कुजताना आणखी प्राणवायू खर्च होतो.

विषप्रयोगाचा संशय चुकीचा ठरला, तर निर्दोष मच्छीमारांवर कारवाई होण्याची आणि निर्यात बाजार गमावण्याची भीती असते. याउलट खरा विषप्रयोग ‘नैसर्गिक घटना’ म्हणून दुर्लक्षित झाला, तर विषारी मासे लोकांच्या ताटात जातात.

## शास्त्रीय मतभेद

सुपोषण हे मत्स्यमृत्यूंच्या मुळाशी आहे याविषयी व्यापक सहमती असली, तरी सरोवराच्या बदलाला सर्वाधिक काय जबाबदार आहे यावर दीर्घकाळ चर्चा झाली. एका मतानुसार नाईल पर्चने शैवाल व सेंद्रिय गाळ खाणारे हॅप्लोक्रोमाइन मासे फस्त केले. त्यामुळे शैवाल न खाल्ले जाता तळाशी जाऊन कुजू लागले. दुसऱ्या मतानुसार पोषकद्रव्यांची वाढ आधी झाली आणि प्राणवायूचा ऱ्हास व पाण्याचा गढूळपणा यांनी स्थानिक माशांना आधीच दुर्बल केले होते. गाळाच्या थरांतील कालक्रम दुसऱ्या मताला बळ देतो, कारण शैवालाची वाढ नाईल पर्चच्या १९८० च्या दशकातील भरभराटीपूर्वी कित्येक दशके सुरू झालेली दिसते. तथापि दोन्ही प्रक्रिया परस्परांना पूरक ठरल्या असणे संभवते.

हवामानबदल हा तिसरा घटक आहे. पृष्ठभागाचे पाणी अधिक तापल्यास थर अधिक पक्के होतात आणि मिसळण कमी होते. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तर माशांची प्राणवायूची गरज वाढते.

## उपाययोजना

केनिया, टांझानिया व युगांडा यांनी १९९४ च्या करारान्वये व्हिक्टोरिया सरोवर मत्स्यव्यवसाय संघटना स्थापन केली. तिचे मुख्यालय जिंजा येथे आहे. तिन्ही देशांतील मत्स्यसंशोधन संस्था सरोवराचे सर्वेक्षण करतात. चर्चिल्या जाणाऱ्या उपायांमध्ये सांडपाणी प्रक्रिया, काठच्या दलदलींचे संरक्षण, डोंगरउतारावरील मातीची धूप रोखणे आणि रान जाळण्यावर नियंत्रण यांचा समावेश होतो. पिंजरे खोल व वाहत्या पाण्यात आणि मर्यादित संख्येने ठेवावेत, अशी शिफारस केली जाते.

वादळे रोखता येत नाहीत आणि तळाशी साठलेली पोषकद्रव्येही अल्पावधीत काढता येत नाहीत. त्यामुळे तातडीचा भर प्राणवायूच्या नियमित मोजणीवर आणि पूर्वसूचनेवर आहे. तळाचा प्राणवायू घटल्याचे वेळीच कळले, तर पिंजऱ्यांतील मासे लवकर काढणे, खाद्य थांबविणे किंवा पिंजरे दुसरीकडे ओढून नेणे शक्य होते. कोणत्या महिन्यांत व कोणत्या आखातांत तळाचा प्राणवायू नित्य कमी असतो याची नोंद असल्यास, पुढील घटनेत नैसर्गिक चक्र आणि विषप्रयोग यांतील फरक ओळखणेही सोपे जाते.

## हेही पाहा

- व्हिक्टोरिया सरोवर
- नाईल पर्च
- सुपोषण
- जलपर्णी
- विरघळलेला प्राणवायू
- जलप्रदूषण